५ इंची ड्रोनला कंडेन्सर कोणता लावावा आणि कुठे? (६एस, ४५ अँपिअर ईएससी)

तापीकाठचा_पायलट:
नमस्कार मंडळी. ५ इंची पंख्यांच्या (प्रोपेलर) फ्रीस्टाइल क्वाडची, म्हणजे चार मोटारींच्या कसरतीच्या ड्रोनची, जुळणी चालू आहे आणि काम कंडेन्सरपाशी येऊन थांबलंय. सामान असं: ४५ अँपिअरचा फोर-इन-वन ईएससी (चारही मोटारींचा वेग सांभाळणारा बोर्ड), २२०७ मोटारी १९५० केव्हीच्या (व्होल्टमागे मिनिटाला तेवढे फेरे), ६एस (सहा सेलची) १३०० एमएएच लायपो बॅटरी, कॅमेरा आणि व्हीटीएक्स (व्हिडिओ ट्रान्समीटर) ॲनालॉग. ईएससीच्या डब्यात एक कंडेन्सर आला आहे, ४७० मायक्रोफॅरड ३५ व्होल्ट, पण अंगावर कंपनीचं नाव नाही. जळगावात आणखी तीन मिळताहेत: १००० मायक्रोफॅरड ३५ व्होल्ट, ४७० मायक्रोफॅरड ५० व्होल्ट आणि २२०० मायक्रोफॅरड २५ व्होल्ट. दुकानदार म्हणतो, सगळ्यात मोठा घ्या, मोठा केव्हाही चांगला.

तीन प्रश्न आहेत. घ्यावा कोणता? लावावा कुठे: थेट ईएससीच्या पॅडवर (जिथे बॅटरीची वायर सोल्डर होते), एक्सटी-६० च्या (बॅटरी कनेक्टरच्या) टोकाला, की वायर लांबवून टॉप प्लेटवर? आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा तो कशाने बसवावा म्हणजे निघून येणार नाही?

सोल्डर_भुसावळ:
२५ व्होल्टवाला आधी बाजूला काढा. ६एस पूर्ण चार्ज म्हणजे ६ × ४.२ = २५.२ व्होल्ट. मोटार फिरायच्या आधीच मर्यादा ओलांडली गेली.

शहादा_६एस:
१००० मायक्रोफॅरड ३५ व्होल्ट, लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेला), ईएससीच्या पॅडवर. पाय आखूड ठेवा. बाकी चर्चा नंतर वाचा.

ऑसिलोस्कोप_ताई:
शहाद्याचं उत्तर बरोबर आहे, पण कारण कळलं नाही तर माणूस पाय लांब ठेवून मोकळा होतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ईएससीचे मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) सेकंदाला २४ हजार किंवा ४८ हजार वेळा करंट जोडतात आणि तोडतात. बॅटरीपासून ईएससीपर्यंतची वायर ही एक छोटी कॉइलच असते. वाहता करंट अचानक तोडला की ती तो सोडायला तयार होत नाही, आणि पॅडवर व्होल्टेजचा खिळा उभा राहतो. हिशेब करून बघा. १० सेंटीमीटर जोडवायरीचं इंडक्टन्स १०० नॅनोहेन्री धरू. ५० अँपिअर करंट एक मायक्रोसेकंदात तुटला तर ५ व्होल्टचा खिळा, अर्ध्या मायक्रोसेकंदात तुटला तर १० व्होल्टचा. म्हणजे २५.२ चे झटक्यात ३५. त्यात थ्रॉटल एकदम सोडला की ईएससी मोटारीला ब्रेक लावतो, तेव्हा मोटार जनरेटरसारखी उलटा करंट बॅटरीकडे ढकलते. व्होल्टेज त्या क्षणी सगळ्यात वर जातं.

कंडेन्सरचं काम हा करंट जागच्या जागी गिळणं आणि पुढच्या क्षणी परत देणं. तो किती चांगलं गिळतो, हे दोन गोष्टींवर ठरतं. पहिली ईएसआर. ५० अँपिअरला २० मिलिओहमवर १ व्होल्ट चढतो, १०० मिलिओहमवर ५ व्होल्ट. साधा, ८५ डिग्रीपर्यंत चालणारा कंडेन्सर या दुसऱ्या घरात जातो, मग त्यावर १००० लिहिलेलं असो की २२००. दुसरी गोष्ट पायांची लांबी. ढोबळ नियम मिलिमीटरला १ नॅनोहेन्री. दोन्ही पाय २० मिलिमीटर ठेवले की ४० नॅनोहेन्री झाले, म्हणजे वरच्याच करंटला २ ते ४ व्होल्ट नुसते पायांत. चांगला कंडेन्सर घेऊन लांब पायांवर बसवला तर पैसे पाण्यात.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यापेक्षा महत्त्वाचं आहे. ईएससीचं पॅड. एक्सटी-६० च्या टोकाला लावला तर खिळा तयार करणारी वायर कंडेन्सर आणि ईएससीच्या मध्येच राहते.

तापीकाठचा_पायलट:
ताई, हिशेब एकदम पटला. मग मायक्रोफॅरडला काही अर्थच नाही का?

ऑसिलोस्कोप_ताई:
आहे ना. थ्रॉटलच्या झटक्यात व्होल्टेज जे खाली-वर हेलकावतं, ते सपाट करायला साठा लागतो. पण ५ इंचीला ४७० ते १००० मध्ये भागतं. त्यापुढे वजन आणि बॅटरी जोडतानाची ठिणगी वाढते, फायदा फारसा वाढत नाही.

धुळे_बेंच:
३५ व्होल्टबद्दल माझं मत वेगळं आहे. ६एस ला ५० व्होल्टच लावावा. ताईंच्याच हिशेबात पॅड ३५ ला जाऊन आलं. कंडेन्सर रोज आपल्या मर्यादेला टेकत राहिला तर आतला ऑक्साइडचा थर झिजतो, गळती वाढते, आणि उन्हाळ्यात ते सगळं लवकर होतं. ४एस ला २५ ऐवजी ३५ आणि ६एस ला ३५ ऐवजी ५०, असा एक पायरी वरचा नियम ठेवा.

शहादा_६एस:
धुळेदादा, तो १० व्होल्टचा खिळा कंडेन्सर नसतानाचा आहे. चांगला कंडेन्सर जवळ बसवला की खिळाच दोन-तीन व्होल्टवर येतो. मग ३५ मध्ये ७ व्होल्टच्या आसपास जागा उरते. शिवाय ५० व्होल्टचा १००० म्हणजे कंडेन्सरचा डबा एवढा मोठा की स्टॅकच्या (एकावर एक बसवलेल्या ईएससी आणि फ्लाइट कंट्रोलरच्या) मागे बसत नाही. मग लोक वायर लांबवतात आणि सगळा फायदा घालवतात.

धुळे_बेंच:
डबा मोठा होतो हे मान्य. म्हणूनच ५० व्होल्टमध्ये १००० चा हट्ट धरू नये, ४७० घ्यावा. एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते: कंपनीच्या एकाच मालिकेत डब्याचा आकार सारखा असेल तर ईएसआर जवळपास सारखा असतो. ३५ व्होल्टचा १००० आणि ५० व्होल्टचा ४७० एकाच मापाच्या डब्यात मिळाले, तर खिळा दाबायचं काम दोघं सारखंच करतात. फरक फक्त साठ्यात पडतो.

ऑसिलोस्कोप_ताई:
हा मुद्दा सोन्यासारखा आहे. डेटाशीट उघडलीत तर "इंपिडन्स, १०० किलोहर्ट्झ, २० डिग्री" हा रकाना बघा. तोच आपल्या कामाचा आकडा. ०.०२ ओहमच्या आसपास असेल तर डोळे झाकून घ्या. पॅनासोनिकची एफएम किंवा एफआर मालिका, रुबिकॉनची झेडएलएच, या जातीचे कंडेन्सर १०५ डिग्रीचे आणि लो-इंपिडन्स असतात.

पाचोरा_लाइन:
दुकानात जाणाऱ्यांसाठी. "कपॅसिटर" मागितला तर समोरचा पंख्याचा देईल की ॲम्प्लिफायरचा, नेम नाही. "एसएमपीएसचा कंडेन्सर, १०५ डिग्री, लो-ईएसआर, ३५ व्होल्ट" असं पूर्ण सांगा. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये मोबाइलवाले भरपूर, पण हा माल टीव्ही-एसएमपीएस (पॉवर सप्लाय) दुरुस्तीचे सुटे भाग ठेवणाऱ्याकडे शोधावा लागतो. नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जाणाऱ्याकडून मागवा.

जुन्या बोर्डावरून काढणाऱ्यांनी सांभाळा. कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवरचे कंडेन्सर लो-ईएसआर असतात, पण ६.३ किंवा १६ व्होल्टचे. एलईडी बल्बमधला ४०० व्होल्टचा असतो, पण चार-दहा मायक्रोफॅरडचा. दोन्ही आपल्या उपयोगाचे नाहीत.

रावेरची_केळी:
डब्यातला बिननावाचा ४७० वापरू नये का? फुकट आलाय.

पाचोरा_लाइन:
मोजून ठरवा. कंडेन्सरचे दोन्ही पाय १ किलोओहम रेझिस्टरने जोडून आधी रिकामा करा. मग ९ व्होल्टची बॅटरी, मालिकेत १० किलोओहम रेझिस्टर, आणि मल्टीमीटर कंडेन्सरवर. १० किलोओहम गुणिले १००० मायक्रोफॅरड म्हणजे १० सेकंद. इतक्या वेळात तो बॅटरीच्या ६३ टक्क्यांवर, म्हणजे ५.७ व्होल्टवर पोचला पाहिजे. ४७० वाल्याला ४.७ सेकंद. २० टक्के इकडेतिकडे चालतं, कंपनीच तेवढी सूट घेते. दोन सेकंदांतच पोचला तर आवरण मोठं आणि आतला माल छोटा.

यातून ईएसआर कळत नाही. त्यासाठी तो छोटा कॉम्पोनंट टेस्टर लागतो, बऱ्याच दुरुस्तीवाल्यांकडे असतो. ०.०५ ओहमच्या आत दिसला तर ठेवा. ०.१५-०.२ दिसला तर तो कॅमेऱ्याच्या ५ व्होल्ट लाइनवर लावा, मेन पॅडवर नको.

कपाशी_आणि_कार्बन:
भो, बठ्ठं बरोबर शे, पण ईएससीवर आधीच छोटे सिरॅमिक कंडेन्सर ओळीनं बसवलेले असतात. सिरॅमिकचा ईएसआर तर इलेक्ट्रोलायटिकपेक्षा कितीतरी कमी. मग आणखी चार सिरॅमिक डकवले तर हा डबा लागणारच नाही ना?

ऑसिलोस्कोप_ताई:
नाही. सिरॅमिकवर डीसी व्होल्टेज चढलं की त्याची क्षमता घटते. ५० व्होल्टचा, १० मायक्रोफॅरड छापलेला एक्स५आर किंवा एक्स७आर २५ व्होल्टवर पूर्ण १० उरत नाही, लहान आकाराचा असेल तर बराच खाली येतो. दुसरं, बोर्ड वाकला की सिरॅमिकला तडा जातो आणि तो शॉर्ट होतो. क्रॅशमध्ये बोर्ड वाकतोच.

तिसरं कारण सगळ्यांनी लक्षात ठेवावं. नुसते सिरॅमिक आणि लांब बॅटरी वायर असेल, तर बॅटरी जोडताक्षणी व्होल्टेज झोका घेतं आणि जवळपास दुपटीपर्यंत जाऊ शकतं. झोक्याला थांबवायला थोडा रोध लागतो. इलेक्ट्रोलायटिकचा तो थोडासा ईएसआर इथे कामाला येतो. म्हणून दोघं सोबत हवेत: बोर्डावरचे सिरॅमिक अगदी वेगवान खिळ्यांसाठी, आपला डबा बाकी सगळ्यासाठी.

शहादा_६एस:
ज्यांना अजून धास्ती वाटते त्यांनी पॅडवर टीव्हीएस डायोडही लावावा. ६एस ला एसएमबीजे२८ए. २८ व्होल्टपर्यंत गप्प बसतो, ३१ च्या पुढे वाहायला लागतो. पट्टी धन पॅडकडे. तो कंडेन्सरची जागा घेत नाही, शेवटचा पहारेकरी म्हणून ठीक.

धुळे_बेंच:
पट्टीवरून आठवलं. रेडियल इलेक्ट्रोलायटिकवर पट्टी म्हणजे ऋण, लांब पाय म्हणजे धन. पण पिवळ्या-काळ्या एसएमडी टँटलमवर पट्टी धनाची असते. कंडेन्सर उलटा लावला की आत गॅस होतो आणि तो फुटतो. सोल्डर करण्याआधी बॅटरीच्या वायरवर मल्टीमीटर ठेवून धन-ऋण बघा. वायरच्या रंगावर जाऊ नका, काही तयार पिगटेल उलट्या रंगाच्या मिळतात.

रावेरची_केळी:
डोक्यावर जी फुलीसारखी खाच असते ती फुटण्यासाठीच असते का?

पाचोरा_लाइन:
हो. भरताचं वांगं भाजायच्या आधी आपण त्याला टोचे मारतो, नाहीतर आतली वाफ त्याला फोडते. ती फुली त्याच कामाची. दाब वाढला की डबा तिथे उमलतो, तोफेसारखा उडत नाही. म्हणून त्या टोकावर सिलिकॉन किंवा टेप लावायचा नाही, समोर दोन-तीन मिलिमीटर मोकळे ठेवायचे.

कपाशी_आणि_कार्बन:
वांगं बामणोदचं असेल तर टोचे मारून लसूण आणि मिरच्या आत खुपसा, मग भाजा काट्यांवर 😄

रावेरची_केळी:
आणि सोबत कळण्याची भाकरी. जीआय मानांकन काही उगाच नाही मिळालं जळगावच्या वांग्याला. चला, मूळ विषयावर या.

सोल्डर_भुसावळ:
बसवायची पद्धत लिहितो, कारण तापीकाठवाल्यांचा अर्धा प्रश्न तोच आहे.

आधी कोरडं बसवून बघा. स्टॅक फ्रेममध्ये, बॅटरीची वायर जागेवर, टॉप प्लेट वर ठेवलेली. कंडेन्सर आडवा, फ्रेमच्या मागच्या दोन आर्मच्या (हातांच्या) मधल्या जागेत किंवा ईएससीच्या मागच्या कडेला बॅटरी वायरच्या शेजारी. पंख्याच्या वर्तुळात येता कामा नये, फ्रेमच्या बाहेर डोकावता कामा नये.

मग पाय वळवा. बुडाशी रबरी बूच असतं, तिथूनच वाकवलं तर सील उघडतं आणि आतलं द्रव हळूहळू सुकतं. बुडापासून २-३ मिलिमीटरवर पाय नोजप्लायरने घट्ट धरा आणि पुढचा भाग बोटाने वाकवा, म्हणजे ताण बुचापर्यंत जात नाही. बुडापासून पॅडपर्यंत एकूण ६ ते १० मिलिमीटर. दोन्ही पायांवर श्रिंक ट्यूब चढवा, पॅडवर टेकणारे ३-४ मिलिमीटर तेवढे उघडे.

सोल्डर ६३/३७, १ मिमी जाड, फ्लक्स वेगळा. सोल्डरिंग आयर्न किमान ६० वॅट, छिन्नीसारखं रुंद टोक, ३८० डिग्रीच्या आसपास. ऋणाचं पॅड ग्राउंडच्या जाड तांब्याला जोडलेलं असतं, ते उष्णता ओढून घेतं. २५ वॅटच्या आयर्नने तिथे ड्राय सोल्डर होतो, वरून गोळा छान दिसतो आणि आत पकड नसते. पॅडला आधी कल्हई केल्यासारखं सोल्डर लावून घ्या, पायालाही लावा, मग जोडा.

क्रम असा: आधी कंडेन्सरचा पाय पॅडवर, त्यावर बॅटरीची १२ किंवा १४ गेजची वायर. पाय वायरखाली दाबला जातो, सुटत नाही.

धुळे_बेंच:
क्रमाबाबत सहमत नाही. जाड वायर बसवायला ५-६ सेकंद उष्णता लागते, तेवढा वेळ पाय खाली असेल तर उष्णता पायातून थेट डब्यात जाते. आधी वायर पक्की करावी, थंड होऊ द्यावी, मग तिच्या कडेच्या सोल्डरमध्ये पाय २-३ सेकंदांत बुडवावा.

सोल्डर_भुसावळ:
तुमचं कारण चुकीचं नाही. पाय श्रिंकच्या वरून चिमट्याने धरून ठेवला तर बरीचशी उष्णता चिमट्यात जाते, मी त्या भरवशावर लिहिलं होतं. पण पहिल्यांदा जुळणी करणाऱ्याला तुमचा क्रम जास्त सुरक्षित. तापीकाठवाले, तुम्ही वायर आधी, पाय नंतर करा.

आणि काही ईएससीवर पॅडच्या बाजूला कंडेन्सरसाठी वेगळी दोन छिद्रं असतात. असतील तर हा वादच उरत नाही, तिथेच घाला.

सातपुडा_एफपीव्ही:
चिकटवण्याबद्दल. ग्लूगन नको. उन्हात ठेवलेली काळी कार्बन फ्रेम हात लावू देत नाही एवढी तापते, खाली चार मोटारींचा करंट वाहून ईएससी तापलेला. ग्लूगनचा गोंद त्या तापमानात मऊ पडतो. मग डबा पायांवर लोंबकळतो, मोटारींच्या कंपनाने पाय बुडाशी तुटतो. आणि पाय तुटल्याचं वरून दिसत नाही, श्रिंकमध्ये तो जागच्या जागी उभा असतो.

योग्य पद्धत: डब्याखाली १ मिमी फोमचा डबल टेप, वरून एक ३ मिमीचा केबल टाय स्टँडऑफला (फ्रेमच्या खांबाला) किंवा आर्मला. टाय एवढाच ओढा की डबा बोटाने फिरणार नाही. पत्रा दबेपर्यंत ओढू नका. बुडाशी पायांच्या मध्ये न्यूट्रल क्युअर सिलिकॉनचा हरभऱ्याएवढा ठिपका. सिलिकॉन घेताना वास घ्या, व्हिनेगरसारखा आंबट आला तर ते ॲसिटिक जातीचं. ते सुकताना तांबं खातं. खिडक्यांना लावतात ते बहुतेक तेच असतं.

कार्बन फायबर वीज वाहून नेतो हे विसरू नका. डब्याचा ॲल्युमिनियम पत्रा आतून ऋणाशी लागलेला धरायचा. वरचं प्लॅस्टिक आवरण फ्रेमच्या धारेवर घासून फाटलं तर फ्रेम ऋणाला लागली. एक जास्तीची श्रिंक ट्यूब पूर्ण डब्यावर चढवा, फुली उघडी सोडून. गरम हवा डब्यावर फार वेळ धरू नका.

तापीकाठचा_पायलट:
माझ्या फ्रेममध्ये ईएससीच्या मागे जेमतेम १२ मिमी उंची आहे. १००० चा डबा आडवा टाकला तरी टॉप प्लेटला घासेल असं दिसतंय.

शहादा_६एस:
मग ४७० चे दोन समांतर लावा, दोघांचा डबा १० मिमी व्यासाचा मिळतो. क्षमतेची बेरीज ९४०, ईएसआर निम्मा, आणि उष्णता दोघांत वाटली जाते. एक पॅडच्या डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही एकाच कंपनीचे आणि एकाच मालिकेचे घ्या. वेगळे लावले तर कमी ईएसआरवाला जास्त भार उचलतो.

लांबवायचंच असेल तर १८ गेजची वायर, दोन्ही एकमेकींभोवती घट्ट पीळ दिलेल्या, ३० मिलिमीटरच्या आत. पीळ दिल्याने इंडक्टन्स घटतं. पण हा शेवटचा उपाय.

रावेरची_केळी:
एक वेगळा प्रश्न. आमच्याकडे केळीवर फवारणीचे ड्रोन यायला लागलेत. त्यांनाही असाच १००० चा लावायचा का?

धुळे_बेंच:
नाही, ती मोठी यंत्रं. १२एस म्हणजे पूर्ण चार्ज ५०.४ व्होल्ट, तिथे ३५ काय अन् ५० काय, दोन्हींची मर्यादा ओलांडली जाते. ६३ सुद्धा काठावरचा, ८० किंवा १०० व्होल्टचे लागतात, आणि ईएससी बनवणाऱ्याने ते आत बसवलेले असतात. बॅटरी जोडताना ठिणगीही मोठी, म्हणून अँटिस्पार्क कनेक्टर. त्यात आपण हात घालू नये, कंपनीच्या माणसाला बोलवावं.

सातपुडा_एफपीव्ही:
ठिणगीचा विषय निघालाच तर: ६एस वर १००० मायक्रोफॅरडमध्ये साठणारी ऊर्जा ०.३२ ज्यूल. एक्सटी-६० जोडताना टिक आवाज आणि छोटी ठिणगी दिसणं स्वाभाविक आहे. कनेक्टर घाबरत, हळूहळू आत घालू नका, त्याने पिना जळतात. एका दमात घाला.

पाचोरा_लाइन:
पहिल्यांदा बॅटरी जोडण्याआधी मात्र हे करा. मल्टीमीटर कंटिन्युइटीवर, लाल धनाला, काळा ऋणाला, एक्सटी-६० वर. क्षणभर बीप होऊन थांबला तर बरोबर, कंडेन्सर चार्ज होताना तसं होतं. बीप चालूच राहिला तर शॉर्ट आहे, बॅटरी लावू नका.

मग धन वायरच्या मालिकेत ट्रकचा २४ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब घालून बॅटरी जोडा. कारचा १२ व्होल्टचा ६एस ला चालत नाही. बल्ब लुकलुकून विझला किंवा अगदी मंद राहिला तर ठीक. पूर्ण उजेड पडला तर लगेच काढा. व्हीटीएक्स आधी सोडवून ठेवा, पंखे काढलेले असू द्या, आणि बल्ब असताना आर्म करू नका, म्हणजे मोटारी सुरू करू नका.

सोल्डर बदलायला पुन्हा उघडाल तेव्हा बॅटरी काढल्यावर पॅडवर व्होल्टेज मोजा. उरलं असेल तर १ किलोओहम रेझिस्टर ५ सेकंद धरा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून रिकामा करायची सवय वाईट. पॅड जळतं.

कपाशी_आणि_कार्बन:
एवढं सगळं करूनही ॲनालॉग व्हिडिओत थ्रॉटलबरोबर सरकणाऱ्या रेषा आल्या तर?

ऑसिलोस्कोप_ताई:
आधी ग्राउंड बघा. कॅमेरा आणि व्हीटीएक्स दोघांचं ग्राउंड एफसीवर (फ्लाइट कंट्रोलरवर) शेजारच्या पॅडवरून घ्या, एकाचं एफसीवरून आणि दुसऱ्याचं ईएससीवरून असं नको. मग व्हीटीएक्सच्या पुरवठ्यावर, त्याच्या अगदी तोंडाशी, २२० ते ४७० मायक्रोफॅरडचा लो-ईएसआर लावा. ५ किंवा ९ व्होल्टच्या लाइनला १६ व्होल्टचा पुरतो. व्हीटीएक्स थेट बॅटरीवर असेल तर तो आधी ९ व्होल्टच्या रेग्युलेटरवर घ्या.

ज्यांच्याकडे स्कोप आहे त्यांनी मोजताना प्रोबची लांब मगरचिमट्याची ग्राउंड वायर वापरू नये, ती स्वतःच खिळे पकडते. टोकाची स्प्रिंग ग्राउंड वापरा, १०एक्स वर. पंखे काढूनच. पंख्यांशिवाय करंट कमी असतो, त्यामुळे दिसणारा आकडा हवेतला नाही. दोन मांडण्यांची तुलना तेवढी करता येते. स्कोप नसेल तर ब्लॅकबॉक्स लॉग (उडताना साठलेली नोंद) पुरतो: कंडेन्सर बदलण्याआधी आणि नंतर सारखाच थ्रॉटल हळूहळू वर नेत उडवा आणि जायरोचा आलेख शेजारी ठेवून बघा.

सोल्डर_भुसावळ:
चाचणी उड्डाणाआधी डिजिटल स्कायचा (ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा सरकारी) नकाशा उघडा. जळगावला विमानतळ आहे, भुसावळ-वरणगावला आयुध निर्माणी. ५ इंची क्वाड २५० ग्रॅमच्या वर जातो, म्हणजे मायक्रो वर्गात, त्याला नोंदणी लागते.

तापीकाठचा_पायलट:
सगळ्यांचे मनापासून आभार. बसवून झालं, नोंद ठेवतो म्हणजे पुढच्याला उपयोग होईल.

डब्यातला बिननावाचा ४७०: १० किलोओहमवर ५.७ व्होल्टला ३ सेकंदांत पोचला, म्हणजे ३०० मायक्रोफॅरडच्या आसपास. टेस्टरवर ईएसआर ०.१८. बाद. त्याऐवजी पॅनासोनिक एफआरचे ४७० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचे दोन, मोजमापात ४५५ आणि ४६२, ईएसआर दोघांचा ०.०३. पॅडच्या दोन बाजूंना आडवे, पाय ७ मिमी. वायर आधी, पाय नंतर. खाली फोम टेप, वर केबल टाय, बुडाशी बिनवासाचं सिलिकॉन. कंटिन्युइटी क्षणभर वाजून थांबली. ट्रकचा बल्ब लुकलुकून मंदावला.

एक विचारायचं राहिलं. उड्डाणानंतर हात लावून बघितला तर कंडेन्सर किती गरम असणं ठीक?

धुळे_बेंच:
कोमट ठीक. बोट ठेववत नसेल तर तो त्याच्या रिपल करंटच्या (हेलकावता करंट सोसण्याच्या) मर्यादेवर काम करतोय किंवा सुकत चाललाय. या मापाच्या कंडेन्सरचं आयुष्य १०५ डिग्रीला काही हजार तास असतं, आणि दर १० डिग्री खाली आलं की साधारण दुप्पट होतं. म्हणून उन्हाळ्यात उडवायचं ते सकाळी ९ च्या आत, आणि दोन पॅकच्या मध्ये क्वाड सावलीत ठेवा.

सातपुडा_एफपीव्ही:
आणि दर क्रॅशनंतर दोन्ही डबे बोटाने हलकेच हलवून बघा. डोकं फुगलेलं, बुडाशी तपकिरी ओल, किंवा पाय आवरणात सैल लागला, यांपैकी काहीही दिसलं तर दोन्ही एकदम बदला. एकच नवा लावला तर जास्त भार त्याच्यावर जातो.